नडगीवरचे भाडेकरू

मी प्लेट बोलतेय. जेवायची नव्हे. माणसाच्या नडगीचं हाड मोडलं की त्यावर स्क्रूने आवळून बसवतात ना, ती पोलादी पट्टी. लांबीला वीतभर, रुंदीला बोटभर, अंगाला नऊ भोकं. माझा स्वभाव संशयी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नावं ठेवायला नको. जन्मल्यापासून ज्याने त्याने माझ्याकडे संशयानेच पाहिलं. मग मी भोळीभाबडी कशी निपजणार?

कारखान्यात एक चष्मेवाला तपासनीस होता. तो मला भिंगाखाली धरायचा, उलटीपालटी करायचा आणि "हं" म्हणायचा. त्या "हं"चा अर्थ मला आजवर कळलेला नाही. मग माझ्या पाठीवर एक नंबर कोरला, कैद्यांना देतात तसा. दवाखान्यात आल्यावर कढत वाफेच्या पेटीत कोंडलं, बाहेर काढलं, आणि वापरलं नाही म्हणून चार दिवसांनी पुन्हा कोंडलं. अंगावर एकही जंतू नको म्हणून ही सगळी उठाठेव. एवढं करूनही पुढे काय झालं ते ऐका.

माझा धनी लाइनमन होता. बावीस वर्षं खांबावर चढला, वीज त्याला कधी शिवली नाही. शेवटी दगा दिला तो चिखलाने. खांबाशी टेकवलेल्या शिडीचा पाय घसरला, हा खाली आला आणि नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं, तेही थेट चिखलात. दवाखान्यात डॉक्टरांनी ती जखम धुतली, पुन्हा धुतली, त्यांचं समाधान होईना म्हणून आणखी एकदा धुतली. मग मला हाडावर ठेवून आठ स्क्रू आवळले. मधलं पाचवं भोक नेमकं मोडलेल्या जागेवर आलं, ते रिकामं ठेवलं आणि वरून टाके घातले.

आत अंधार. दिसत काही नाही, पण हाडातून ऐकू मात्र सगळं येतं. धन्याचं बोलणं, बायकोचं "अहो, पाय वर घ्या", आणि त्याच्या थोरल्या बहिणीचं खणखणीत "बाळ्या, उठ!" बाळ्या पंचेचाळीस वर्षांचा होता. ताई म्हणजे निवृत्त नर्स. लहान मुलांच्या वॉर्डात एकतीस वर्षं काढलेली बाई. भावाचा पाय मोडल्याचं कळलं तशी पिशवी भरून आली आणि राहिली.

ते पहिले तीन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. त्याने पाय टेकला की भार माझ्यावर यायचा. हा पाय माझ्या जिवावर उभा आहे, असा मला गर्व झाला होता. खोटं कशाला बोलू?

चौथ्या महिन्यात त्या रिकाम्या भोकात मला हालचाल जाणवली. कुणीतरी राहायला आलं होतं. आधी दोनचार, मग त्यांची पोरंबाळं, मग सगेसोयरे. आल्या आल्या त्यांनी अंगावर एक चिकट गोधडी ओढून घेतली आणि तिच्याखाली ठाण मांडलं. ना विचारलं, ना सांगितलं. कुणी आणले हे? चिखलाने? कुणाच्या हातमोज्याने? की वाफेच्या पेटीतूनही वाचून माझ्याच अंगावर बसून आले? हा प्रश्न मी स्वतःला हजारदा विचारला आहे. उत्तर मिळालेलं नाही.

धन्याचा पाय ठणकू लागला. नडगी गरम लागायची. मग कातडीवर मुगाएवढं छिद्र पडलं आणि त्यातून पू येऊ लागला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. छिद्र बुजलं, महिन्याभरात पुन्हा उघडलं. परत गोळ्या, परत बुजलं, परत उघडलं. गोळीचा अंमल आला की माझे भाडेकरू गोधडीत गुडूप व्हायचे आणि अंमल उतरला की खुशाल हातपाय पसरायचे. एकदा छिद्राच्या तोंडावरचा पू कापसाच्या काडीवर घेऊन तपासला, तर त्यात भलताच जंतू निघाला. तो बिचारा नुसता उंबऱ्यावर बसला होता. त्याच्यावर औषध चालवलं, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

घरात आता संशयाचं वारं शिरलं. ताईंना वाटे, भावजय पट्टी बदलताना हात धूत नाही. बायकोला वाटे, डॉक्टर आत काहीतरी विसरलेत. धन्याला माझाच संशय. नडगीवर बोट ठेवून म्हणायचा, "हे लोखंडच बाधलंय मला." मी आतून ओरडून सांगत होते की मी नाही, हे वर बसलेत ते! पण प्लेटचं कोण ऐकतं?

कोपऱ्यावरच्या डॉक्टरने या वेळी दहा दिवसांचा कोर्स दिला होता, तो चालू असतानाच शेवटी मोठ्या दवाखान्यात गेले. तिथले हाडांचे डॉक्टर उंच होते म्हणे, कारण दारातून वाकून आल्याबद्दल धन्याने त्यांना "सांभाळून, साहेब" म्हटलेलं मी ऐकलं. त्यांनी रक्त काढलं आणि हाडाचे नवे फोटो काढले.

"दोन स्क्रूंच्या भोवती हाड विरलंय," ते म्हणाले. "एक तुकडा मेलेला वाटतोय. जंतू हाडात शिरलेत असा माझा संशय आहे. आणि हे वर सरकतंय. गुडघ्याच्या सांध्यात पोचलं, तर पाय वाचवणं माझ्या हातात राहणार नाही. तुम्हाला स्पष्ट सांगितलेलं बरं."

बायकोचा हुंदका ऐकू आला. धनी एवढंच म्हणाला, "पाय गेला तर मी खांबावर कसा चढणार, साहेब?"

त्या खोलीत आणखी एक आवाज होता, बारीक आणि कोरडा. जंतूंची तपासणी करणाऱ्या बाईंचा. दवाखान्यात त्यांना सगळे 'संशयी बाई' म्हणत. माझी जातवालीच ती. त्या म्हणाल्या, "पू नको मला. हाडाचा तुकडा हवा. आणि त्याआधी दोन आठवडे जंतूंवरची एकही गोळी पोटात जाता कामा नये. गोळी चालू असली की जंतू मरत नाहीत, पण अर्धमेले होतात. मग माझ्या बशीत ते वाढत नाहीत आणि मी म्हणते, इथे कुणीच नाही. नाव कळलं नाही तर कुठलं औषध लागू पडेल ते कसं सांगू? कळलं?"

"कळलं," धनी म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास मला रक्तात तीच ओळखीची कडू चव लागली आणि माझे भाडेकरू गोधडीत शिरले. मी चमकले. म्हटलं, जुना अंमल उतरत असेल. चौथ्या दिवशी तेच झालं आणि पाचव्यालाही. ठरल्यासारखं, नऊच्या सुमारास. कुठंतरी पाणी मुरत होतं.

धनी चोरून घेतोय? पण तो तर बायकोला रोज सांगायचा, "ठणका वाढलाय, पण गोळी घेणार नाही. बाईंना शब्द दिलाय." बायको देतेय? ती तर हरवलेल्या गोळ्या शोधत होती. "कपाटातल्या उरलेल्या पट्ट्या कुठं गेल्या हो?" म्हणून तिने एकदा विचारलं. ताई म्हणाल्या, "टाकली असेल कुणीतरी." त्या 'कुणीतरी'त मला खोट दिसली. पण मी करणार काय?

दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी छिद्रापासून दूर, चांगल्या कातडीतून जाड सुई घातली आणि हाडाचे तुकडे काढले. मग वाट बघणं, तोवरही गोळ्या बंदच. संशयी बाई बशा लगेच फेकून देत नाहीत, चांगल्या चौदा दिवस ठेवतात. काही जंतू फार आळशी असतात म्हणे.

चौदा दिवसांनी डॉक्टर म्हणाले, "काहीच वाढलं नाही. जंतू नसतीलही. मग प्लेट आहे तशी ठेवू आणि वाट बघू."

आता कबूल करते. मला आनंद झाला. जंतू सापडले तर आधी मलाच काढणार, हे मला ठाऊक होतं. पाय सडत होता, भाडेकरू माझ्या अंगावर नांदत होते, आणि मी मनात म्हणत होते, सुटले बाई! स्वतःची जागा टिकावी म्हणून खोट्याला मान डोलावणारी माणसं मी पुष्कळ ऐकली आहेत. त्यांच्यात मी काही वेगळी निघाले नाही.

संशयी बाई मात्र खुर्चीवरून हलल्या नाहीत. "थांबा. सूक्ष्मदर्शकाखाली याच तुकड्यात पुवाच्या पेशी भरभरून दिसल्यात. धूर एवढा आणि आग नाही? मला पटत नाही." मग धन्याकडे वळून, "खरं सांगा. गोळी घेतलीत?"

"नाही."

"एखादी? ठणका सहन झाला नाही म्हणून?"

धनी चिडला. "बाई, मी लाइनमन आहे. नियम मोडणारा लाइनमन बावीस वर्षं जगत नाही. नाही म्हणजे नाही!"

"मग जंतू तरी खोटं बोलताहेत, नाहीतर तुमच्या नकळत कुणीतरी देतंय," बाई शांतपणे म्हणाल्या.

घरी येईपर्यंत धनी धुमसत होता. पलंगावर पडला आणि बायकोला म्हणाला, "माझ्यावर संशय घेते ती!" त्याच्या पायाची एक खूण मला ठाऊक झाली होती. डोक्यात काही चालू असलं की पायाचा अंगठा हलायचा. तो हलत होता. मग तो हळूच बोलू लागला.

"ऐक. आम्ही लाइन बंद करतो. मुख्य बटण खाली, कुलूप लावलेलं, किल्ली माझ्या खिशात. तरी मी तारेला हात लावत नाही. का? कुणाच्या तरी घरात जनरेटर चालू असतो. त्या बापड्याला वाटतं आपण आपल्या घरापुरता दिवा लावलाय. पण करंट उलटा फिरून लाइनीत येतो आणि वर बसलेला माणूस जातो. बाई म्हणते ते तसंच आहे. मी माझं बटण बंद केलंय. पण आपल्या घरात कुणीतरी जनरेटर चालू ठेवलाय."

"माझ्याकडे काय बघताय?" बायको म्हणाली. "मी शपथ घेते."

"तुझ्यावर नाही गं. मी हिशोब करतोय की माझ्या पोटात काय काय जातं, आणि त्यातलं काय होताना मी बघत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी नेहमीसारखा दुधाचा पेला आणून ठेवला. "मध घातलाय. गरम आहे तोवर घे." धन्याने पेला हातात घेतला, पण प्यायला नाही. ताई दोनदा डोकावून गेल्या. "प्यालास का रे?" तिसऱ्यांदा आल्या तेव्हा तो म्हणाला, "बस जरा, ताई."

त्याने वरचं दूध दुसऱ्या भांड्यात ओतलं. धार मला ऐकू आली. मग त्याचं बोट पेल्याच्या तळाशी घासलं.

"तळाला पांढरा गाळ आहे, ताई. मधाचा गाळ पांढरा नसतो. आणि मधाखाली कडू लागतंय."

मला वाटलं, ताई आता कानावर हात ठेवणार. पण त्या ताठ आवाजात म्हणाल्या, "हो. मीच घालते, आणि संपल्या की दुकानातून नव्या आणते. गोळी कुटायची, मधात खलायची, मध दुधात. तीन वर्षांच्या पोराला कळत नाही, तुला कसं कळलं?"

"ताई! दोन आठवडे बंद म्हणून सांगितलं होतं ना त्यांनी? का केलंस तू हे?"

"तुझा कोर्स दहा दिवसांचा होता आणि सहाव्या दिवशी बंद केला! कोर्स अर्धा सोडायचा नसतो, बाळ्या. एकतीस वर्षं मी हेच घोकलं, हेच शिकवलं." मग तो खणखणीत आवाज खाली आला. "आमच्या वॉर्डात एक मुलगी होती. चार वर्षांची. खुब्याच्या सांध्यात पू झाला होता. बरं वाटायला लागलं तसं घरच्यांनी औषध बंद केलं. परत आणली तेव्हा पू सांधा खाऊन गेला होता. जन्मभर लंगडली ती. मला आजही तिचा पाय दिसतो. तुझ्या गोळ्या बंद झाल्या त्या दिवशी मला जेवण गेलं नाही रे."

बायको म्हणाली, "आणि मी मेली उगाच गोळ्या शोधत बसले. काखेत कळसा अन् गावाला वळसा."

धनी रागावेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "ताई, त्या मुलीचा कोर्स खरा होता. कुठला जंतू, कुठलं औषध, सगळं ठाऊक होतं. माझा कोर्स म्हणजे अंधारात दगड. तू ज्या पायासाठी हे केलंस तोच पाय जायची वेळ आलीय."

ताई रडल्या. वॉर्डात एकतीस वर्षं कुणासमोर रडल्या नसतील. मला त्यांची दया आली, आणि लाजही वाटली. त्यांनी भावाच्या प्रेमापोटी केलं होतं. मी तर नुसती माझी जागा जाऊ नये म्हणून खूश होते.

दुपारी ताई स्वतः दवाखान्यात गेल्या. संशयी बाईंसमोर उभं राहून सगळं सांगून आल्या. घरी येऊन म्हणाल्या, "मला वाटलं ओरडतील. तर म्हणाल्या, 'बरं झालं सांगितलंत, नाहीतर मी स्वतःवरच संशय घेऊ लागले होते.'"

पुन्हा दोन आठवडे औषध बंद. या वेळी नऊ वाजता कडू चव आली नाही. ताई स्वयंपाकघरात पाऊल टाकत नव्हत्या. धन्याचा पाय सुजला, ताप चढला, छिद्रातून धार लागली. माझे भाडेकरू तर गोधडी फेकून नाचत होते. ठणक्याने धनी उशी चावायचा आणि ताई त्याच्याशेजारी बसून कॅलेंडरवर दिवस मोजायच्या. जिच्या हातात गोळी आहे तिने ती न देता बसायचं, याला काय लागतं ते मी त्या दिवसांत ऐकलं.

मग ऑपरेशन. दिव्याचा झोत पडला, आणि जवळजवळ वर्षाने मला दिसू लागलं. आठही स्क्रू काढले. दोन तर बोटानेच निघाले, इतके ढिले झाले होते. मला उचललं तेव्हा माझ्याखाली हाड कसं पांढरंफटक पडलंय ते मी पाहिलं. एवढे दिवस ज्याला धरून बसले होते तो तुकडा मेलेला होता. डॉक्टरांनी सहा ठिकाणचे सहा तुकडे घेतले, दर तुकड्याला नवी हत्यारं. मेलेलं सगळं खरवडलं, पोकळीत औषधाचे मणी भरले आणि पायाभोवती बाहेरून कड्यांचा पिंजरा बसवला. पुढचं मी पाहिलं नाही. मला एका डब्यात टाकून झाकण लावलं होतं.

संशयी बाईंनी त्या डब्यात पाणी भरलं आणि एका यंत्रात ठेवला. यंत्र सुरू झालं. काय सांगू! अंगाचा कण न् कण थरथरला. ती चिकट गोधडी फाटली आणि एकेक भाडेकरू टपाटपा पाण्यात पडला. ते पाणी बाईंनी बशीत पसरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बशीत पिवळसर, सोनेरी ठिपकेच ठिपके. सहापैकी पाच तुकड्यांतही तेच. बाई बशीवर वाकून म्हणाल्या, "सापडलास." एवढे महिने आतून ओरडत होते ते एकदाचं कुणीतरी ऐकलं.

कुठल्या औषधाला ते मरतात हेही लगेच कळलं. सहा आठवड्यांचा कोर्स ठरला, आधी शिरेतून आणि मग गोळ्या. तो कोर्स कुणी सांभाळला असेल? बाई मदतनिसाला सांगत होत्या, "त्यांची बहीण घड्याळ लावून बसते. पाच मिनिटं उशीर झाला तर नर्सला झापते. असा कोर्स मी तरी कुणाचा पाहिला नाही."

धुऊन पुसून बाईंनी मला एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं. शिकाऊ डॉक्टर आले की मला बाहेर काढतात. "हिच्यावर काही दिसतंय?" म्हणून विचारतात. ते नाही म्हणतात. बाई म्हणतात, "म्हणूनच दिसण्यावर जायचं नाही."

काल, म्हणजे ऑपरेशननंतर चौदा महिन्यांनी, मी टेबलावर पडलेली असताना दार उघडलं आणि तिघं आत आले. ताई आणि बायको आवाजावरून ओळखल्या. धन्याचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. आवाजावरून वाटला होता त्यापेक्षा बारीक माणूस निघाला, मिशा पिकलेला. पिंजरा निघाला होता. नडगीवर चुरगळल्यासारखा व्रण होता, पण छिद्र नव्हतं. बाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला, फोटो उजेडाला धरला, पुन्हा रिपोर्ट पाहिला.

"बरा झालो का, बाई?" त्याने विचारलं.

"तसं म्हणणार नाही मी. अजून वर्षभर दाखवत राहा. हाडातले जंतू झोपून राहतात." आणि मग, जरा चाचरत, "पण आज तरी मला कुणी दिसत नाही."

त्यांच्या तोंडून हे ऐकून ताईंनी डोळ्याला पदर लावला. धनी हसला. त्याने टेबलावरची पिशवी उचलली, मला नडगीशी लावून पाहिलं आणि म्हणाला, "एवढीशी होती होय ही! शिव्या मात्र मणभर घातल्या मी हिला."

"घरी न्यायची का?" बाईंनी विचारलं.

त्याने मला क्षणभर हातात धरलं. मग टेबलावर ठेवलं. "नको. इथं कामाला येतेय, येऊ दे."

तो वळला आणि दाराकडे निघाला. हातात काठी नव्हती. मी त्या पायाचं पाऊल नेहमी आतून ऐकलं होतं, अंगावर आदळणारा एक धक्का म्हणून. काल पहिल्यांदा बाहेरून ऐकलं. फरशीवर एक पाऊल, मग दुसरं, दोन्ही सारख्या आवाजाची. ती पावलं जिन्यापर्यंत गेली, जिना उतरू लागली, आणि मी शेवटच्या पायरीपर्यंत कान देऊन मोजत राहिले. कुठं एक तरी पाऊल हलकं पडतंय का? सवयच ती. नाही पडलं.

माझ्याशिवाय उभा राहिलास, बाबा. असाच चालत राहा. आणि माझं ऐकणार असशील तर इकडे फक्त दाखवायला येत जा. पुन्हा माझ्यासारखी कुणी तुझ्या पायाला लागू नये.